गाण्यात मेलेला भाऊ

शुक्रवार, ३ मार्च

आज हायवेवरच्या कॅटफिश माशांच्या हॉटेलात गायलो. टीव्ही माझ्या बरोबर डोक्यावर टांगलेला आणि त्यावर बास्केटबॉलचा सामना. पहिली दोन गाणी होईपर्यंत मला वाटत होतं, लोक माझ्याकडे बघताहेत. मग कळलं, वर बघताहेत. तिसऱ्या गाण्याच्या मधोमध जोरात टाळ्या पडल्या. केंटकीच्या पोरांनी बास्केट केली होती.

मध्ये एक बाई आल्या. म्हणाल्या, "तुम्हाला ओळखीची गाणी येतात का हो?"

मी म्हटलं, "मला माझी सगळीच ओळखीची आहेत."

त्या हसल्या नाहीत. तळलेला मका मागवायला गेल्या.

चव्वेचाळीस वर्षांचा झालो. कुठल्या रेकॉर्ड कंपनीचा हात नाही, पाठ नाही. स्वतःच्या जिवावर तीन अल्बम काढले. तिसऱ्याची खोकी अजून शेडमध्ये गवत कापायच्या यंत्राशेजारी पडलीत आणि आता त्यांना पेट्रोलचा वास येतो. सकाळ-दुपार शाळेची बस चालवतो, शुक्रवार-शनिवार माशांना गाणी ऐकवतो.

शेवटी नवं गाणं म्हटलं. ऐकणारं एकच टेबल होतं, दोन बायका, ओहायोच्या. एकीने फोन वर धरला होता. फोटो काढला असेल तर माझं तोंड उघडंच आलं असणार.

घरी आल्यावर ट्वायलाने विचारलं, "काय म्हणाले लोक?"

"मासे चांगले होते म्हणाले."

ती माझी बायको असूनही हसली, हे तिचे उपकार.

गुरुवार, ९ मार्च

नवं गाणं कसं झालं ते लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन.

सकाळची फेरी संपवून बस शाळेमागे उभी होती. एकदम दोन ओळी आल्या:

पेटी हलकी लागली तेव्हाच कळलं होतं,
घरातलं गाणं कुणीतरी नेलं होतं.

दोन भावांचं गाणं आहे. थोरला नशेच्या गोळ्यांच्या नादापायी बापाचं मँडोलिन विकतो. मरणाच्या दारातला बाप मँडोलिन मागतो आणि पेटी रिकामी निघते. पुढे थोरलाही जातो, आणि धाकटा दोघांच्या थडग्यांमध्ये उभा राहून गातो.

थोरला म्हणजे अर्थातच माझा मोठा भाऊ डेल्मर. खाणीत त्याची पाठ गेली, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मग गोळ्यांनीच त्याला ठेवून घेतलं. नऊ वर्षं झाली, सुटला त्यातून. आता पुलापलीकडे टायरच्या दुकानात काम करतो आणि उरलेला वेळ चर्चमध्ये असतो. गाण्यात त्याला जिवंत ठेवून पाहिलं, पण तिसरं कडवं उभंच राहीना. शेवटी मारला. दहा मिनिटांत गाणं पूर्ण झालं.

बाकी सगळं खरं आहे. जवळपास.

मंगळवार, २१ मार्च

ओहायोच्या बाईने फोटो काढला नव्हता, पूर्ण गाणं फोनवर घेऊन इंटरनेटवर टाकलं होतं. ट्वायलाने सकाळी दाखवलं. तिने आकडा वाचला तेव्हा मला वाटलं, हिचा चष्मा बदलायला झालाय. मग मी माझा चष्मा शोधला.

लाखो लोकांनी ऐकलंय. वीस वर्षं दारं ठोठावली ती कुणी उघडली नाहीत, आणि आता एका परक्या बाईने मासे खाता खाता भिंतच पाडली. आनंद व्हायला हवा. झालाही. पण चीडही आली. चांगलं गाणं एवढं एकच लिहिलंय का मी?

खाली लोकांनी लिहिलंय: "तुमच्या भावाबद्दल फार वाईट वाटलं." "देव त्याला शांती देवो." अशी शेकडो. मी पहिल्या तीसेक जणांना "आभारी आहे" असं लिहिलं. दुसरं काय लिहिणार?

मंगळवार, ४ एप्रिल

लेक्सिंग्टनच्या एका रेडिओवर मुलाखत झाली. निवेदक भला माणूस, गाणं वाजवलं, मग आवाज खाली आणून म्हणाला, "आर्लिस, भाऊ गेल्यावर सावरायला किती वेळ लागला?"

मी म्हटलं, "अशा गोष्टींतून माणूस पूर्ण सावरत नाही."

हे वाक्य खोटं नाही. कुणाच्याही बाबतीत खरंच आहे. तो गेला असं मी म्हटलेलं नाही. गाडीत बसल्यावर हे मी ट्वायलाला नीट समजावून सांगितलं. तिने रेडिओ बंद केला आणि खिडकीबाहेर बघत बसली.

येताना तिने विचारलं, "शेजारच्या गावातून का नाही गेलास? वीस मिनिटं वाचली असती."

त्या गावातला मुख्य रस्ता खराब आहे. मी तिथून जात नाही.

रविवार, ९ एप्रिल, ईस्टर

आईकडे जेवण. हॅम, मसालेदार अंडी, आईची केळ्याची खीर. डेल्मरने प्रार्थना म्हटली, नेहमीसारखी लांबलचक. त्यात माझंही नाव घेतलं, की आर्लिसला यश मिळतंय, त्याला वाटेवर ठेव. मी डोळे मिटलेलेच ठेवले.

गाण्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. आईकडे असला फोन नाही, तिने ऐकलेलं नसावं.

निघताना डेल्मर माझ्या गाडीपाशी आला. टायर बघितला, लाथेने दाबून पाहिला. म्हणाला, "गाणं ऐकलं. चाल चांगली बसलीय."

"बरं वाटलं."

"फक्त एक सांग. मी कधी वारलो? दुकानात लोक विचारतात. महिना तरी सांगता यावा."

"डेल्मर, गाणं आहे ते. गाण्यात माणसं मरतात."

"हो ना. पण तू नाही मेलास त्यात."

आणि गेला आत, भांडी घासायला. मला इतका राग आला! गाणं म्हणजे काय हे ज्याला कळत नाही त्याला कसं समजवायचं? टायरवाल्याला मी सांगतो का, टायर कसा बसवायचा?

बुधवार, १२ एप्रिल

बसच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक बर्लने आज टोपी काढून छातीशी धरली. "आर्लिस, मनापासून वाईट वाटलं रे. काल तुझ्या भावाने माझ्या ट्रकला चार टायर बसवले. मेलेल्या माणसाच्या मानाने हात फार जोरात चालतात त्याचे."

सगळे खदाखदा हसले. मीही हसलो. दुपारची फेरी एक थांबा विसरून केली.

शनिवार, १३ मे

ओहायोत गायलो, दोनशे माणसांपुढे, टीव्हीशिवाय. आयुष्यात पहिल्यांदा लोकांनी खुर्च्या माझ्या दिशेने लावल्या होत्या. नऊ गाणी म्हटली. आठ गाण्यांत ते वाट बघत होते, नवव्यात रडले.

इतकी वर्षं वाटायचं, लोक ऐकत नाहीत हे दुःख. आता एकच ऐकतात. नदीवरचं गाणं मी दोन वर्षं घासलं, त्यातला एकेक शब्द चाखून ठेवलाय. ते चालू असताना एक माणूस शेजाऱ्याला विचारत होता, "ते भावाचं कधी?"

कार्यक्रम संपल्यावर एक धिप्पाड माणूस आला, ट्रक चालवणारा. एक शब्द न बोलता मला मिठी मारली आणि माझ्या खांद्यावर हुंदके देऊन रडला. त्याचा भाऊ फेब्रुवारीत गेला, गोळ्यांनीच. म्हणाला, "तुम्हीच समजू शकता."

मी त्याच्या पाठीवर थोपटत राहिलो. शर्टाचा खांदा ओला झाला होता. तो शर्ट मी हॉटेलातच टाकून आलो. उसवला होता तसाही.

ट्वायला गाडीत म्हणाली, "त्याला तरी खरं सांगायचं होतंस."

"त्याला बरं वाटलं ना? मग?"

"त्याला बरं वाटलं. तुझं पोट का दुखतंय मग?"

त्या हॉटेलात ग्रेव्ही शिळी होती. म्हणून.

रविवार, ११ जून

आईने गाणं ऐकलं. शेजारणीने ऐकवलं.

दुपारी बोलावून घेतलं. व्हरांड्यात झोपाळ्यावर बसली होती, पाय जमिनीला टेकवून, झोका थांबवून.

"आर्लिस, ते मँडोलिनचं सगळं परत वर का काढलंस?"

"आई, लोकांना आवडतंय."

"डेल्मर सुधारून आला त्या दिवशी मी ते माफ केलं. पुरलं. आणि तू खणून काढलंस. तुला एवढा कसला राग आहे रे त्याच्यावर? त्याने विकलं ते बाबांचं होतं, तुझं नव्हतं."

मी म्हटलं, मला राग नाही.

"मग माझ्याकडे बघून बोल."

आज एवढंच लिहितो.

शनिवार, ८ जुलै

नॅशव्हिलहून फोन! तिथल्या एका रेकॉर्ड कंपनीतल्या मिस प्रेस्कॉट. गाणं नव्याने ध्वनिमुद्रित करायचं, मोठे वादक घेऊन, आणि पाठोपाठ सगळा अल्बम. त्यात नदीचं गाणंही चालेल म्हणाल्या. मी फोन ठेवून शेडमध्ये गेलो आणि त्या जुन्या खोक्यांना एक लाथ मारली. आनंदाने.

ट्वायलाने माझ्या आवडीचं केलं, सूप बीन्स आणि कॉर्नब्रेड. पण ती स्वतःचं ताट घेऊन व्हरांड्यात जाऊन बसली.

रविवार, १६ जुलै

आईकडे हिरव्या शेंगा मोडायला बसलो होतो, दोन पाट्या भरून. डेल्मर आला नव्हता. तो शेंगांच्या दिवशी कधी चुकत नाही, म्हणून विचारलं.

"त्याला नको वाटतं सध्या कुठे यायला," आई म्हणाली. "चर्चने त्याला डीकन करून आजाऱ्यांची सेवा सोपवायचं ठरवलं होतं. माहीत आहे का तुला?"

माहीत नव्हतं. मला कुणी सांगितलं नाही. की सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही?

"आज मतं घ्यायची होती. दोघं उभे राहिले. म्हणाले, मरणाऱ्या बापाची वस्तू विकणारा माणूस आमच्या आजाऱ्यांच्या उशाशी बसणार का? सगळ्या देशाला माहीत झालंय म्हणे. पाद्री ब्रदर ओडेलनी मतदान पुढे ढकललं."

"पण डेल्मरने तर स्वतःच कितीदा सांगितलंय चर्चमध्ये. दरवर्षी उभा राहून सांगतो."

"आपल्या तोंडाने सांगणं वेगळं. दुसऱ्याने गाऊन दाखवणं वेगळं." आईने शेंगेचा दोरा ओढून काढला. "त्याने काय केलं माहितीये? हात वर केला आणि म्हणाला, हे दोघं बरोबर बोलतायत, माझं नाव काढा."

मी अर्धी पाटी तशीच ठेवून उठलो. ट्वायलाला फोन करायचाय असं सांगितलं. फोन खिशातच होता, केला नाही.

मंगळवार, १ ऑगस्ट

नॅशव्हिलचे कागद आलेत. चौथ्या पानावर लिहिलंय: या गीतातील घटना गीतकाराच्या कुटुंबात प्रत्यक्ष घडलेल्या असून हे गीत त्याच्या दिवंगत भावाच्या स्मृतीस अर्पण आहे. खाली सहीची जागा.

मिस प्रेस्कॉटना सांगितलं, पेनाची शाई संपलीय. बस चालवणाऱ्या माणसाला यापेक्षा बरी थाप सुचत नाही.

गुरुवार, ३ ऑगस्ट

दोन दिवस कागद टेबलावर आहेत. मी त्यांच्या आजूबाजूने जेवतोय. आज लिहितोच, इथे तरी. ही वही दुसरं कुणी वाचत नाही.

मँडोलिन डेल्मरने विकलं नाही. मी विकलं.

अकरा वर्षं झाली. बाबांची फुफ्फुसं कोळशाने भरली होती, आईच्या पुढच्या खोलीत खाट टाकली होती. मला पहिला अल्बम करायचा होता. स्टुडिओवाला म्हणाला, या आठवड्यात आगाऊ पैसे द्या, नाहीतर तारीख दुसऱ्याला जाईल. मँडोलिन पेटीतून काढलं, ब्लँकेटमध्ये गुंडाळलं, शेजारच्या गावातल्या मुख्य रस्त्यावरच्या गहाणवटीच्या दुकानात नेलं. पेटी परत खाटेखाली सरकवली. बाबांना तेव्हा चमचा धरता येत नव्हता, मँडोलिन कोण मागतंय? महिन्याभरात सोडवून आणणार होतो. तिसऱ्या आठवड्यात गेलो तर दुकानदार म्हणाला, तुम्ही गहाण नाही, विकून गेला होतात, कागद बघा. कागदावर माझी सही होती. मी वाचलाच नव्हता.

आणि त्याच रविवारी बाबांनी मँडोलिन मागितलं.

पेटी डेल्मरने ओढली. त्यानेच उघडली. आत लाल मखमल आणि एक जुनी तार. खोलीत सहा माणसं होती. सगळ्यांनी डेल्मरकडे बघितलं. मीही बघितलं. आणि डेल्मरने स्वतःच्या हातांकडे बघितलं. त्या दिवसांत त्याला काल काय केलं ते आज आठवत नसे. त्याने आधी दोनदा आईचे दागिने नेले होते. त्याला वाटलं, असेल, मीच नेलं असेल. गुडघ्यावर बसला आणि बाबांची माफी मागितली.

मी बोललो नाही. उद्या सांगू म्हटलं. बाबा बुधवारी गेले.

गाणं लिहिताना वाटलं होतं, मोकळं वाटेल. लिहिताना खरोखरच मला आठवत होता तो डेल्मरच, मँडोलिन काखेत मारून जाणारा. इतकी वर्षं घोकलं की दिसायलाच लागलं.

शनिवार, ५ ऑगस्ट

टायरच्या दुकानात गेलो. ट्वायलाला काल सांगितलं. तिने उठून गाडीची किल्ली माझ्या हातात दिली.

डेल्मर एका पिकअपखाली होता. मी म्हटलं, बोलायचंय. तो म्हणाला, बोल, ऐकू येतंय. मग मी त्याच्या बुटांना सगळं सांगितलं. स्टुडिओ, ब्लँकेट, दुकान, सही. पान्याचा आवाज बंद झाला. सरपटत बाहेर आला आणि टायरच्या थप्पीवर बसला. हात पुसत राहिला.

"म्हणजे मी नाही?"

"नाही."

"मला तर आठवतंय रे. मी ते घेऊन जातोय, पाऊस पडतोय, मला आठवतंय."

"तू नव्हतास, डेल्मर. मी होतो. पाऊसही नव्हता."

त्याने फडकं मुठीत आवळलं. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मी ज्या रात्री सोडलं ना," तो म्हणाला, "तेव्हा शरीर मागत होतं, मरत होतो. त्या रिकाम्या पेटीकडे बघून काढली मी ती रात्र. पेटी उशाशी ठेवली होती. म्हटलं, ज्याने हे केलं तो माणूस मला व्हायचं नाही." मग माझ्याकडे बघितलं. "आणि तो माणूस मी नव्हतोच. तू होतास. मग मी कुणापासून सुटलो, आर्लिस?"

गाण्यात उत्तर आलं असतं, दोन ओळी तरी.

"मी काय करू ते सांग," मी म्हटलं.

"मी सांगायचं? अकरा वर्षांनी येऊन कामही मलाच लावतोस?" तो उठला. "उद्या नको. उद्या मी चर्चला येणार नाहीये. पुढच्या रविवारी जा. उभा राहा. गिटार न घेता बोल. जमतं का बघ."

आणि परत पिकअपखाली गेला.

रविवार, १३ ऑगस्ट

सांगितलं. उभा राहून, सगळ्यांपुढे. वीस वर्षं माइकपुढे काढली, पण हात मोकळे असले की त्यांचं काय करायचं हे मला माहीत नाही. खिशात घातले, काढले, बाकाची पाठ धरली.

तिघं-चौघं रडले. एकजण म्हणाला, "देवाची कृपा, ब्रदर आर्लिस." मतदान पुढे ढकलायला लावणारे दोघं खाली बघत होते. डेल्मर शेवटच्या बाकावर होता, मध्येच उठून कधी गेला ते दिसलं नाही.

आई उठली, पर्स घेतली आणि माझ्यासमोरून चालत बाहेर गेली. गाडीपाशी गाठलं तिला. म्हटलं, "आई, काहीतरी बोल."

ती म्हणाली, "तुझे बाबा डेल्मरकडे पाठ करून गेले. तो हाका मारत होता आणि ते भिंतीकडे तोंड करून गेले. तू त्याच खोलीत उभा होतास."

एवढंच. ट्वायलाने तिला घरी सोडलं. मी चालत आलो, साडेचार मैल.

सोमवार, १४ ऑगस्ट

मिस प्रेस्कॉटना फोन करून खरं सांगितलं. वाटलं, चिडतील. पण त्या म्हणाल्या, "आर्लिस, ही तर आधीपेक्षा भारी गोष्ट आहे! चोर धाकटाच निघाला! तुमचे भाऊ कॅमेऱ्यासमोर येतील का?"

मी हसायला लागलो. वेड्यासारखा हसलो. मग नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, विचार करा, आठवडाभर थांबते. मी म्हटलं, थांबू नका. फोन ठेवल्यावर पाच मिनिटं घामाघूम होऊन बसलो. वीस वर्षांत आलेलं एकच बोलावणं. असं वाटलं, परत लावावा. फोन ट्वायलाकडे देऊन बसची फेरी करायला गेलो.

शनिवार, २ सप्टेंबर

कोर्टाच्या आवारातला सणाचा कार्यक्रम. आधीच ठरलेला होता, टाळता आला नाही. पाच गाणी म्हटली. लोक ओरडायला लागले, "भावाचं! भावाचं!" मी माइकवर सांगितलं की ते गाणं खोटं आहे, भाऊ जिवंत आहे, मँडोलिन मी विकलं, मी ते यापुढे म्हणणार नाही.

बाहेरून आलेल्यांपैकी एकजण ओरडला, "आम्ही तीन तास गाडी चालवून आलोय! म्हण की, काय फरक पडतो!"

मी नदीचं गाणं म्हटलं. निम्मे लोक उठून तळलेले गोड पदार्थ घ्यायला गेले. उरलेल्यांतही बरेचजण आपल्या फोनमध्ये होते. घरी आलो. मला वाटलं होतं, खरं बोलल्यावर माणसाला हलकं वाटतं. मला फक्त दमल्यासारखं वाटतंय.

डेल्मरने डीकनपद नाकारलं. चर्चने एकमताने दिलं होतं. "थोडे दिवस मला कुणीच न होता राहू द्या," म्हणाला म्हणे. हे मला ब्रदर ओडेलकडून कळलं. डेल्मर माझा फोन घेत नाही. आईही नाही.

शनिवार, ३० सप्टेंबर

गाणं मी त्या ओहायोच्या बाईला काढायला लावलं, पण ते दुसऱ्या लोकांनी इतक्या ठिकाणी टाकलंय की संपत नाही. सांत्वनाची पत्रं येतच राहतात. मी रोज सकाळच्या फेरीनंतर बसमध्ये बसून प्रत्येकाला लिहितो: माझा भाऊ जिवंत आहे, मँडोलिन मी विकलं, तुम्हाला फसवलं, माफ करा. काहीजण शिव्या देतात. बरेचजण उत्तर देत नाहीत. कुणी कुणी विचारतं, पुढचा कार्यक्रम कुठे आहे.

आज सुट्टी होती, म्हणून व्हरांड्यात बसून लिहीत होतो. डेल्मरची गाडी आली. मला वाटलं, रस्ता चुकला. तो उतरला, माझ्या गाडीचे टायर बघितले, एकात हवा कमी होती, ट्रकमधून पंप काढून भरली. मग पायरीवर बसला. माझ्याकडे बघितलं नाही. मी फोनमध्येच डोकं घालून बसलो, बोलून बरंच बिघडवून झालंय.

थोड्या वेळाने म्हणाला, "काय लिहितोस एवढं?"

मी फोन त्याच्यापुढे धरला. समोर उघडी होती ती चिठ्ठी अलाबामातल्या एका शिक्षिकेची होती. तिला मी कालच खरं कळवलं होतं. तिने लिहिलं होतं: "माझा भाऊ मागच्या वर्षी गेला. मला रडता येत नव्हतं. तुमचं गाणं ऐकून पहिल्यांदा रडले. आता तुम्ही म्हणता ते खोटं होतं. मग मी कुणासाठी रडले?"

"याला काय लिहायचं, मला कळत नाहीये," मी म्हटलं. "सकाळपासून बघतोय."

डेल्मरने चिठ्ठी दोनदा वाचली. फोन माझ्या हातातून काढून घेतला. टायरने काळ्या झालेल्या जाड अंगठ्यांनी एकेक अक्षर शोधून दाबत होता. खोडत होता, परत लिहीत होता. मी मान वाकडी करून बघितलं. लिहिलं होतं:

"बाई, गाण्यातला भाऊ मी. मी बरा आहे. तुमच्या भावाचं नाव काय होतं?"

पाठवलं. फोन परत देईल असं वाटलं. दिला नाही, गुडघ्यावर ठेवून वाट बघत बसला. समोरच्या डोंगरावर पानं पिवळी व्हायला लागलीत, तिकडे बघत होता. मग फोन थरथरला. बरंच मोठं उत्तर होतं, तो वाचत गेला, बोटाने वर सरकवत गेला, मध्येच एकदा हसला. तो हसलेला मी एप्रिलनंतर बघितला नव्हता.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"तुला नाही, मला आलंय ते," डेल्मर म्हणाला, आणि वाचत राहिला.